आरोपी क्रमांक दोन

अपिलाच्या तारखेला आरोपीने यायलाच हवं असं काही नसतं. वकीलबाईंनी नानांना हे सांगून सांगून तोंड दुखवून घेतलं होतं. घरी बसा, निकाल लागला की कळवते. नाना मान डोलवायचे आणि तारखेच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून कोर्टाच्या व्हरांड्यात हजर. घरी बसून करायचं तरी काय? बायको खटला चालू असतानाच गेली. मुलाने लांब बिऱ्हाड केलं आणि पत्ता सांगायचा राहिला, तो राहिलाच. शेजारी होते, पण त्यांचं बोलणं "काय, बरंय ना?" याच्या पुढे सरकत नसे.

नाना शिपाई होते आणि त्यांच्या साहेबांची एक रीत होती. साहेब कुणाच्या हातून काही घेत नसत. फाइल असो, छत्री असो, चहाचा कप असो. समोरच्याने वस्तू पुढे केली की साहेब भुवई उचलत आणि नानांचा हात पुढे होई. वर्षानुवर्षं हे असंच. मध्ये डोकं लागतच नव्हतं. एके दिवशी परवान्यासाठी आलेल्या माणसाने पाकीट पुढे केलं. भुवई उचलली गेली की नाही, हे नंतर नानांनाही आठवेना, पण हात गेला. लगेच पोलीस आत आले. आतल्या नोटांना पावडर लावलेली होती. नानांची बोटं सोड्याच्या पाण्यात बुडवली आणि पाणी गुलाबी झालं. साहेबांच्या हातांचं पाणी होतं तसंच राहिलं. तरी खटला दोघांवर एकच: दोघांनी एकविचाराने लाच घेतली. साहेब आरोपी क्रमांक एक, नाना दोन. एकविचाराने! अहो, पंख्याच्या वेगावरसुद्धा त्या दोघांचं कधी एकमत झालं नव्हतं.

खालच्या कोर्टाने दोघांनाही शिक्षा दिली. मग अपील, जामीन आणि तारखा. सुरुवातीला दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसत. साहेबांभोवती मेहुणे, मित्र, सगळा गोतावळा. पण असतील शितं तर जमतील भुतं. खुर्ची गेली तसा गोतावळा पांगला, बाईसाहेबही माहेरी निघून गेल्या. एका तारखेला साहेब एकटेच थर्मास घेऊन आले. झाकणात चहा ओतून त्यांनी तो नानांपुढे धरला. त्या दिवशी मात्र नानांना हात पुढे करायला वेळ लागला.

मग बाकावरचं अंतर मिटलं. दुखरे गुडघे, न येणारी झोप, भाजीत मीठ कधी घालायचं, सगळं बोलणं तिथे होई. सुनावणी पुढे ढकलली की वकील चरफडत आणि नाना मनातून सुखावत. तारीख म्हणजे कुणीतरी शेजारी बसणार. या सुखाची त्यांना लाज वाटे, पण दुसरं सुख होतं कुठे?

वकीलबाईंनी एकदा त्यांना बाजूला घेतलं. पाकीट साहेबांच्या खुणेवरून घेतलं, आत काय होतं ठाऊक नव्हतं, एवढं मांडलं की तुम्ही वेगळे व्हाल. सुटाल, पेन्शन मिळेल, मुलगाही कदाचित परत येईल. नाना नको म्हणाले.

"ते करतील का तुमच्यासाठी असं?" बाईंनी विचारलं.

"नसतील करत. पण त्या बाकावर मला दुसरं आहे कोण?"

शेवटच्या सुनावणीला साहेबांचे वकील उभे राहिले. पाकीट शिपायाने घेतलं, रंग शिपायाच्या बोटांना लागला, साहेबांना कशाची गंधवार्ता नाही. हा इसम त्यांच्या नावावर परस्पर कमाई करत असणार. मागच्या रांगेत नाना साहेबांना खेटून बसले होते. साहेबांनी मान खाली घातली. नानांना कुणी थोबाडीत मारावी तसं झालं.

निकाल मात्र वेगळाच लागला. तक्रारदार साक्ष देण्याआधीच वारला होता आणि पोलिसांनी साक्षीला म्हणून दारापाशी उभ्या केलेल्या पंचाने काहीच ऐकलं नव्हतं. रंगावरून हात लागला एवढंच कळतं, पैसे मागितले हे कळत नाही, असं न्यायाधीश म्हणाले. मागणीच सिद्ध नाही, तर एकविचार कशाचा? दोघंही सुटले.

बाहेर मेहुणे उगवले होते, गाडीसकट. त्यांना थांबवून साहेब बाकापाशी आले आणि उभ्याउभ्याच पुटपुटू लागले की वकिलाने ते परस्पर मांडलं, मला आधी कल्पना असती तर. खोटं होतं हे आणि ते दोघांनाही कळत होतं. नानांना राग आला होता, खूप आला होता. पण इतका जुना माणूस एका दुपारी तोडायचा कसा? राग निवायला थोडे दिवस जाऊ द्यावेत.

"असू द्या, साहेब," ते म्हणाले. "पुढच्या तारखेला बोलू."

साहेबांनी सवयीने मान डोलावली. मग ती मध्येच थांबली. आता तारीख नव्हती.