खुशबूच्या हाताचा रंग

नवेगाव बांधच्या सेवकरामचा हात फिरला, की धान कापून आलेला गडी घटकाभरात राजा होऊन स्टेजवर उभा राहायचा. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरे; त्या दिवसांत नाटकवाल्यांची त्याच्यासाठी ओढाताण चाले. एरवी तो तलावात डोंगा घालून मासे धरी, पण मासेमार म्हटलेलं त्याला खपत नसे. मेकअपमॅन म्हणा, की स्वारी खूश.

२००९च्या हिवाळ्यात मुंबईहून टीव्ही मालिकेवाले तलावावर आले. गोष्ट होती एका मासेमाराच्या पोरीची. पहिल्याच दिवशी दिग्दर्शकाला खुशबू दिसली. सेवकरामची ही अकरा वर्षांची लेक डोंग्यात उभी राहून, डाव्या खांद्याला झटका देत जाळं फेकत होती. "हीच मुलगी," साहेब म्हणाला. खुशबू पळत घरी गेली आणि वाटेत भेटेल त्याला सांगत गेली.

संध्याकाळी मात्र साहेबाच्या माणसांनी नाक मुरडलं. पोरगी फारच काळी, म्हणाले. साहेबाचंही मन डळमळलं. रंगरंगोटीला ठरवलेल्या सेवकरामला त्याने बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला. खुशबू याचीच मुलगी हे त्याच्या गावीही नव्हतं.

"तुम्ही इतकी वर्षं लोकांसाठी चेहरे रंगवताय. खरं सांगा, अशी मुलगी रोज टीव्हीवर पाहायला आवडेल तुमच्या लोकांना?"

'माही पोरगी होय ते, साहेब,' एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण मुंबईचा माणूस आपला सल्ला विचारतोय, या फुशारकीने सेवकरामच्या डोक्यात हवा गेली. शिवाय आपण त्या काळ्या पोरीचे बाप, हे सांगायची त्या खुर्चीवर बसून त्याला लाज वाटली. होय, लाजच वाटली.

"नाही साहेब," तो म्हणाला, "लोकाइले काळं तोंड आवडत नाही. गोरी आणा, मी सावळी करून देतो. कोणाले समजणार नाही."

मग गोंदियाहून रिंकू नावाची गोरीपान मुलगी आली. ती पाणी पाहूनच रडू लागली. तेव्हा ठरलं, की डोंगा हाकायला आणि जाळं फेकायला खुशबूच, पण पाठमोरी. तोंड रिंकूचं. दोघींचा रंग एक दिसायला हवा, म्हणून सेवकरामने खुशबूला शेजारी बसवलं आणि तिच्या हाताकडे पाहून रिंकूचा रंग कालवू लागला.

"बाबा, मले काऊन नाही घेतलं?"

"साहेब म्हणते, लोकाइले नाही आवडत."

 बाबाचं काम नीट व्हावं म्हणून खुशबूने हात लांब करून धरला. सेवकराम रंग लावत राहिला, पण त्या हातापलीकडे लेकीच्या तोंडाकडे पाहायची त्याची छाती झाली नाही.

उन्हाळ्यात मालिका लागली. शेजारच्या म्हाताऱ्या शकुंतलाबाईंनी टीव्ही अंगणात काढला आणि सारा मोहल्ला जमला. पडद्यावर तलाव आला, डोंगा आला, पाठमोरी पोर आली. डावा खांदा झटकला आणि जाळं उडालं.

"हे तं आपली खुशबू होय!" एकच गलका झाला. कुणी शिट्टी मारली, बायांनी खुशबूला पुढे ढकललं. मग पोर वळली आणि रिंकूचं तोंड दिसलं. गलका बंद पडला.

"बापा! हे कोण होय? इच्या तोंडाले काय फासलं?" शकुंतलाबाई म्हणाल्या. "अन् आपल्या पोरीचं तोंड कुठं गेलं?"

"मोठीमाय, लोकाइले आवडत नाही म्हणे," खुशबू म्हणाली.

"कोणत्या लोकाइले?" म्हातारीने अंगणभर नजर फिरवली. "आमी का लोकं नोहोत? आमाले कोणं पुसलं?"

पुसलं होतं. खुर्ची देऊन पुसलं होतं, आणि या साऱ्यांच्या वतीने एकटा सेवकराम उत्तर देऊन मोकळा झाला होता. भिंतीला टेकून बसलेल्या त्याला तोंड कुठे लपवावं कळेना. आता उठून सांगावं असं त्याला वाटलं, आणि तेही जमलं नाही.

रंगाला नावं ठेवली म्हणून बाबा खट्टू झाला, असं खुशबूला वाटलं. ती त्याच्याजवळ सरकली.

"रंग बराबर होता बाबा," ती हळूच म्हणाली. "माहाच हात हालला असन."