ठोका कुणाचा धरायचा

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे जव्हारच्या एसटी डेपोपासून बाजारापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. आई म्हणते, "तू झोपेतसुद्धा भांडतेस." भांडत नाही हो, बोलते. फोनवर समोरचा बोलत असला तरी माझं "हो हो, बरं, मग, अगं बाई" चालूच असतं. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या याच बडबडीमुळे आमच्या फोनमधला घोळ कितीतरी दिवस कुणाच्या लक्षातच आला नाही.

मी जव्हारच्या एका छोट्या दवाखान्यात काम करते. कॉम्प्युटर, प्रिंटर, इन्व्हर्टर, जे जे वायरीचं ते माझ्याकडे. मोखाड्याकडच्या वरच्या पाड्यांवर मोबाइलला रेंज नाही. कुणाला कळा सुरू झाल्या की घरातला एक माणूस टेकडी उतरून रेंज शोधत पळायचा. म्हणून आमच्या डॉक्टरबाईंनी काही पाड्यांवर इंटरनेटवर चालणारे फोन बसवायचं ठरवलं. घरावर अँटेना, सोलरची पाटी, पडवीत फोन. दवाखान्यात एक मोठा कॉम्प्युटर, तो सगळे फोन सांभाळणार.

सूर्यमाळचा फोन आम्ही तिथल्या आशा सेविकेच्या घरी लावला. शांत बाई, माझ्याहून वयाने मोठी, मी त्यांना ताई म्हणते. त्यांची सून तेव्हा गरोदर होती. पहिल्या खेपेला तिला डोलीतून खाली आणताना वाटेतच बाळंतपण झालं आणि बाळ हाती लागलं नाही. फोन भिंतीला ठोकत होते तेव्हा ती पोटावर हात ठेवून उंबऱ्यात उभी होती. "याच्यावरून गाडी येते?" एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, "येते म्हणजे? धावत येते!" मी काय, बोलून मोकळी.

फोन उचलला की आधी एक निरोप वाजायचा. दवाखान्यातली आमची नर्स दाभोशाची. तिने तो पाड्यांवरच्याच बोलीत रेकॉर्ड केला होता. आवाज असा गोड, की दारात येऊन बोलतेय असं वाटावं. रामराम केला, घरचे बरे आहेत ना विचारलं, आणि मग सांगितलं की गाडी पाहिजे तर एक दाबा, नर्सशी बोलायचं तर दोन दाबा. दवाखान्यात आम्ही शंभरदा वाजवून बघितला. मी ऐकताना "हो बाई, बरे आहेत, सांग पुढे" म्हणायचे आणि नर्स खोखो हसायची. एकदम झकास चालत होता.

आणि पाड्यांवरून एक फोन लागेल तर शपथ! म्हणजे फोन उचलला जायचा, कॉम्प्युटरवर दिसायचं. पण एक नाही, दोन नाही, थोड्या वेळाने कट. डॉक्टरबाई म्हणाल्या, "लोकांना नको असेल तर काढून आणू, दुसरीकडे लावू." माझं टाळकंच सरकलं. नको कसं असेल? उंबऱ्यातली ती पोरगी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. तिचे दिवस भरत आले होते. मी जीप पकडली आणि सूर्यमाळला गेले.

नागली पिकायला आली होती, सगळे शेतावर. घरात ताई आणि सून दोघीच होत्या. मी म्हटलं, "कर बाई फोन, मी नुसती बघते." सुनेने फोन उचलला आणि मी कान तिच्या कानाला लावला. नर्सचा रामराम आला. "घरचे बरे" इथपर्यंत आवाज आला आणि थांबला. सून गप्प. फोन गप्प. ती बिचारी मान खाली घालून उभी. मी जिवाच्या कराराने तोंड मिटून धरलेलं, पण किती वेळ धरणार? शेवटी मी ओरडलेच, "अगं बोल ना पुढे, मेले!"

आणि नर्स बोलायला लागली! "आहेत ना?" म्हणाली आणि पुन्हा थांबली. मी परत म्हटलं, "आहेत, आहेत, तू बोल." ती बोलली. मी थांबले, ती थांबली. ताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला मात्र घाम फुटला.

"ती थांबते तर तुम्ही बटण का नाही दाबत?" मी विचारलं.

सून म्हणाली, "ती बाई बोलते ना. तिचं पुरं नाय झालं. मध्येच कसं दाबायचं?"

घ्या! समोरचं माणूस बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, ही तिथली रीत. ते थांबलं तर आपणही थांबायचं, विचार करत असेल. आमच्याकडे बाजारात दोन भाजीवाल्या एकाच वेळी बोलतात आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळतं. मी त्यातलीच. त्यामुळे दवाखान्यात फोन चालायचा आणि डोंगरावर अडायचा.

जीपमधून परत येताना डोक्यात लख्ख उजेड पडला. इंटरनेटवरचा आवाज सलग जात नाही. त्याचे बारीक बारीक तुकडे करून एका ठोक्यात पाठवावे लागतात, चूल पेटती ठेवायला काटक्या सारत राहावं तसे. हा ठोका कॉम्प्युटरला कुठून तरी मिळावा लागतो. आमचा कॉम्प्युटर तो फोन करणाऱ्याकडून घेत होता. तिकडून आवाजाचा एक तुकडा आला की इकडून एक पाठवायचा. आणि डोंगरावरचं नेट अगदी बारीक, म्हणून फोनला सांगून ठेवलं होतं की कुणी बोलत नसेल तर काहीच पाठवू नकोस. झालं! फोन उचलतानाच्या खडखडीवर निरोप सुरू व्हायचा, पण मग माणूस गप्प बसलं की ठोका बंद, आणि ठोका बंद की नर्सही मुकी.

ज्याने आम्हाला हे सगळं विकलं त्या ठाण्याच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "सोपं आहे मॅडम. लोकांना सांगा, ऐकताना हॅलो हॅलो म्हणत राहा."

माझा पारा असा चढला म्हणता! "कळा येणाऱ्या बाईने हॅलो हॅलो म्हणायचं? तुमच्या मशीनला बोलतं ठेवायला? फोन त्यांच्यासाठी आहे की ते फोनसाठी?" तो वरमला. मग म्हणाला, नुसता ठोका देणारं एक कार्ड मिळतं, ते आत बसवा. मी विचार केला, आमच्याकडे वीज अशी नाचते की दर पावसाळ्यात काहीतरी जळतंच. कार्ड गेलं तर ठाण्याहून माणूस येईपर्यंत सगळे पाडे मुके. इंटरनेटवरून कुणा लांबच्या मशीनचा ठोका घ्यावा म्हटलं, तर तो येणार त्याच बारीक नेटवरून, धापा टाकत. असल्या उसन्या ठोक्यावर मी काय भरवसा ठेवणार?

उरलं कॉम्प्युटरचं स्वतःचं घड्याळ. त्यात ठोका धरायचे दोन रस्ते निघाले. पहिला सोपा होता, तो चालू केला आणि खूश झाले. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट छापायला घेतले, तशी नर्स तोतरी बोलायला लागली. कॉम्प्युटर दुसऱ्या कामात गुंतला की हा ठोका अडखळायचा. तो रद्द. दुसरा अगदी मशीनच्या गाभ्यातला, त्यासाठी सगळी प्रणाली नवी भरावी लागली. भरली. मग सगळे फोन एकदम लावले, प्रिंटर चालू, एक्स-रे उघडलेले, आणि नर्सला म्हटलं, "आता फोन कानाला लाव आणि हूं की चूं करू नकोस." मीही दुसरा फोन घेऊन तोंडावर हात ठेवून बसले. निरोप पहिल्यापासून शेवटपर्यंत गेला. मध्ये एक खाच नाही. डॉक्टरबाई दारातून बघत होत्या. "तू गप्प बसलीस?" म्हणाल्या. "याचीच बातमी छापायला हवी."

इतकं बरं वाटलं, की मी बाजारातून सगळ्यांसाठी गरम भजी आणली.

त्यानंतर लवकरच एका सकाळी दवाखान्यातला फोन वाजला. पडद्यावर सूर्यमाळ, गाडीचं बटण. नर्सने उचलला. पलीकडे काहीच नाही. नर्सने दोनदा विचारलं, कोण आहे, काय होतंय? नुसता श्वास. मी म्हटलं, "विचारत काय बसलीस, गाडी सोड!" ड्रायव्हर अर्धा चहा टाकून निघाला.

ताई त्या दिवशी ट्रेनिंगला मोखाड्याला गेल्या होत्या. घरचे सगळे कापणीवर. सून एकटीच.

दुपारी ती दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. चांगली ठणठणीत, आणि रडायला लागली ती थांबेना. मी म्हटलं, ही माझ्यावर गेली. संध्याकाळी ताई येऊन पोहोचल्यावर मी खाटेजवळ बसले. मला खरं तर एवढंच विचारायचं होतं, की निरोप वाजत असताना ही लगेच बटण का दाबून मोकळी झाली नाही. कॉम्प्युटरवर दिसत होतं. पूर्ण निरोप वाजला होता, रामरामासकट, घरचे बरे आहेत ना सकट.

"ती बोलत होती," सून म्हणाली. "तिचं पुरं झालं, मग दाबलं."

"आणि तू? नर्स विचारत होती तर बोलली का नाहीस गं?"

"दात दाबून धरले होते. तोंड उघडलं असतं तर ओरडले असते." मग लेकीचं टोपडं सारखं करत ती म्हणाली, "मी काहीच नाय बोलले. तरी गाडी आली."