बांधावरचा पहिला गुलमोहर

नीळकंठ वझलवारांनी आयुष्यात हौस केली ती एकदाच, आणि तीच अंगाशी आली. नागपूरहून भोपाळला कारखान्याच्या सिव्हिल खात्यात लागल्यावर लग्न झालं, आणि नव्या नवरीला, मालतीबाईंना, सोबत घेऊन त्यांनी टाऊनशिपच्या छोट्या तलावाच्या मातीच्या बांधावर गुलमोहर लावला. झाड फोफावलं. मग काय, निवृत्त होणाऱ्याने बांधावर आपल्या नावाचं झाड लावायची पद्धतच पडली. पार बरखेड्याहून नौकाविहाराला येणारी माणसं त्या सावलीत डबे सोडत.

पंचवीस वर्षांनी बांधाची देखरेख वझलवारांकडेच आली. गडी असा चिवट की पायथ्याशी झिरपणारं पाणी रोज काचेच्या ग्लासात धरून उन्हात बघायचा. पाणी नितळ, तोवर चिंता नाही. गढूळ झालं, तर बांध आतून पोखरतोय. एका ऑगस्टात ते गढूळ आलं. मुळांनी पाण्याला वाट करून दिली होती, आणि बांधाखाली साठ क्वार्टर्स होती.

"साहेब, तलावाचं पाणी उतरवून झाडं मुळासकट काढावी लागतील," त्यांनी मोठ्या साहेबांना सांगितलं. "नुसती तोडली तर मुळं कुजून पोकळी होईल. खड्डे चिकणमाती ठोकून भरायचे."

साहेब हसले. "वझलवारजी, सबके नाम के पेड़ हैं। और पहला तो आप ही का है!"

वझलवारांना जेवण गेलं नाही. मालतीबाईंनी कारण काढून घेतलं. रोज संध्याकाळी त्या गुलमोहराखाली बसणारी ती बाई म्हणाली,

"अहो, मग आधी आपलंच काढा."

सकाळी आपल्या गुलमोहरावर पहिला घाव वझलवारांनी स्वतः घातला. याला छाती लागते महाराजा! झाडं काढायची बातमी कळताच आदल्या दिवशी त्यांना शिव्या घालणारे निवृत्त फोरमन सुधाकर बघत उभे राहिले, आणि मग त्यांनी बांधावरच्या आपल्या आंब्यावरची नावाची पाटी उतरवली. संध्याकाळपर्यंत साहेबांच्या टेबलावर सगळ्या पाट्या जमा झाल्या. साहेबांनी तलाव उतरवायचा हुकूम दिला.

पुढच्या ऑगस्टात तलाव पुन्हा भरला. बांध बोडका दिसत होता, आणि फिरायला येणारे उन्हापायी वझलवारांच्या नावाने बोटं मोडत होते. ते मात्र ग्लास घेऊन थेट घरी आले. मालतीबाईंनी तो उन्हात धरला. पाणी नितळ होतं. झाड पडताना टिपूस न काढलेल्या मालतीबाई तेव्हा घळाघळा रडल्या.

मग ते पाणी त्यांनी अंगणातल्या गुलमोहराच्या रोपाला घातलं. बांधापासून तिथवरची पावलं वझलवारांनी आधी दोनदा मोजून घेतली होती.