नाव नको, नंबर बघा

पनवेलजवळच्या ओवे गावचा विनायक जन्मला तोच मूठ आवळून, असं गावातली म्हातारी माणसं सांगतात. बापाची जमीन शहर वसवायला गेली आणि बाप त्याच शहरात वॉचमन होऊन मेला. हे विनायक कधी विसरला नाही. म्हणून नव्या महामार्गाचं काम निघालं तेव्हा त्याने बजावलं, भरावाची माती वाहील ती आपल्याच गावांची गाडी. कंपनीने बाहेरचे डंपर आणले. त्यांच्या काचा फुटल्या, ड्रायव्हर दवाखान्यात गेले, मग कंपनी मुकाट्याने वळणावर आली. प्रत्येक गावाने कामाच्या जागेचं एकेक गेट वाटून घेतलं, पण सगळ्या गेटांवर शब्द चाले तो विनायकचाच.

ओळख सोपी होती. पनवेलची गाडी एमएच ४६. दुसरा आकडा दिसला की ड्रायव्हरला खाली ओढायचं. एकदा एकाने हात जोडून सांगितलं, मी उरणचाच, आणि पोरांनी त्याला सोडलं. तो निघाला साताऱ्याचा! विनायकच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने एकेकाच्या कानाखाली जाळ काढला आणि नियम घातला, "नाव आयकायचं नाय. नंबर बगायचा."

मग काय, पोरं चेकाळलीच. सोलापूरच्या एका ड्रायव्हरचा जबडा मोडला. घरी जेवताना धाकटा भाऊ प्रितेश बोलून गेला, की तोही पोटासाठीच आलेला. विनायकने त्याला भरल्या ताटावरून उठवलं. पण बाप गेल्यावर ह्याच भावाला त्याने अंगाखांद्यावर वाढवलं होतं, जीव होता त्याच्यावर. प्रितेशने दुसऱ्याच्या गाड्या हाकू नयेत, स्वतःच्या गाडीचा मालक व्हावं, एवढी एकच हौस त्याला होती. म्हणून त्याने सांगलीकडचा एक जुना डंपर ठरवला. प्रितेश स्वतः आणायला गेला. गाडीवर नंबर अजून तिकडचाच होता, पण विनायकला कसली फिकीर? ओव्याच्या गेटवर सगळी घरचीच पोरं.

गाडी संध्याकाळी यायची होती. दुपारीच विनायकची बायको कादंबरी आरतीचं ताट लावत होती. तो नारळ सोलत बसला होता. तेवढ्यात शेजारच्या रोडपाली गावचं गेट सांभाळणाऱ्या मिथुनचा फोन आला.

"दादा, बाहेरचा नंबर हाय. ड्रायवर वलख सांगतो."

"वलख सगलेच सांगतात," विनायक म्हणाला. "फोडा."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. फोन ठेवून तो पुन्हा नारळाला लागला.

प्रितेश लवकर निघाला होता. कळंबोलीला ट्रॅफिक तुंबलं म्हणून त्याने गाडी रोडपालीकडून घातली. तिथल्या पोरांनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. पहिला दगड काचेतून थेट तोंडावर आला. मग त्याला कॉलर धरून खाली ओढलं, लाथांनी तुडवलं, पहारीने मारलं. तो निपचित पडल्यावर कोणीतरी खिशातलं लायसन काढलं आणि आडनाव वाचलं. तेव्हा कुठे पोरांचे हात थांबले.

डावा डोळा गेला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर प्रितेशने भावाला एवढंच सांगितलं, "मी वरडत होतो, इनायकचा भाव हाय मी. ते बोलले, नाव आयकायचं नाय."

विनायक तसाच उठला, पहार घेतली आणि रोडपालीला गेला. मिथुन पळाला नाही.

"मारा दादा," तो म्हणाला. "पन मी इचारलं होतं तुमाला."

विनायकने मारलं. मिथुनचा हात मोडला तरी मारलं. लोकांनी ओढून काढलं तेव्हा तो ढसाढसा रडत होता, आणि शिव्या कोणाला देत होता ते कोणालाच कळेना. पोलिसांत कोणी गेलं नाही. कोणत्या तोंडाने जाणार?

डंपर दारात फुटक्या काचेनिशी उभा राहिला. नारळ तसाच देव्हाऱ्यापाशी पडून होता. प्रितेश ओटीवर बसायचा आणि चहाचा कप चाचपत उचलायचा. भावाशी तो बोलत नसे.

मग एका सकाळी फोन वाजला. मिथुनचा हात अजून गळ्यात होता, पण गेट त्याचंच होतं.

"दादा, बाहेरचा नंबर हाय. काय करू?"

प्रितेशचा कप ओठांपाशी थांबला. विनायकने त्याच्याकडे पाहिलं.

"आदी त्याचं नाव इचार," तो म्हणाला. "आनि कोनाचा भाव हाय, तेपन नीट आयकून घे."