पेटीतली फरफर

महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं तेव्हा आमच्या चिखलीत जीपमध्ये स्पीकरची लाकडी पेटी घेऊन फिरणारा मी एकटाच होतो. हे मी आजही छाती फुगवून सांगतो. बाबांना मात्र ते मुळीच रुचलं नव्हतं. ते कचेरीत कारकून. पोरानंही टेबलखुर्चीवर बसावं एवढीच त्यांची इच्छा. पेटी आली त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मीही काही कमी नव्हतो. दसऱ्याला घरी अवजारांची पूजा मांडली, तर मी पेटी जीपमध्येच ठेवली आणि बाबांना सोनं न देताच मित्रांकडे पायीच निघून गेलो.

पुढे तुळशीची लग्नं झाली आणि पहिलं काम आलं ते उंद्रीचं. बाबांच्या साहेबांच्या मुलीची वरात. आदल्या दिवशी सकाळी गाण्याची तबकडी लावली, तर पेटीतून असा आवाज निघाला की शेजारची म्हैस दाव्याला हिसके देऊ लागली. कचेरीत निघालेले बाबा दारात थांबले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"काऊन फरफरून राह्यलं हे? साहेबाच्या दारात असंच वाजलं तं मले तोंड दाखवाले जागा राहणार नाही. संध्याकाळपर्यंत नीट झालं नाही तं पेटी विकून टाकजो."

विकतो कशाला, म्हटलं, बघतोच आता.

आवाज दोन होते. एक बारीक कुईऽऽ, इंजिनाचा वेग वाढला की चढणारी. इंजिन बंद केलं की गप्प. म्हणजे भानगड इंजिनावर फिरून वीज देणाऱ्या डायनामोची. अर्थिंगची तार कोणीतरी जीपच्या रंगावरच कसली होती. रंग खरवडून ती उघड्या लोखंडाला लावली, कुई संपली. दुसरा आवाज महाखट. इंजिन बंद असलं तरी ढोलकीच्या जाड ठोक्याला फरफरायचाच. स्टेपनी उतरवली, नंबरची पाटी आवळली, पेटीचे सगळे स्क्रू कसले. जेवायला हाक आली तरी उठलो नाही. फरफर हटेना आणि मीही हटेना.

शेवटी पेटीच्या तोंडावरचं कापड काढलं. पेटी मी जीपमध्ये उताणी ठेवायचो आणि कापड कोपऱ्यात फाटलेलं होतं. आत स्पीकरच्या थरथरणाऱ्या कागदी पडद्यावर वाळून कडक झालेलं आपट्याचं पान पडलं होतं, आणि त्याच्याजवळ हळद लावलेले ज्वारीचे दाणे.

आमच्या घरी अक्षता ज्वारीच्या असतात आणि दसऱ्याची पूजा फक्त बाबा करतात. मी पाठ फिरवल्यावर ते एकटेच जीपपाशी येऊन पेटी पुजून गेले असणार. मला तिथंच रडू आलं.

संध्याकाळी बाबा आले. चपला काढण्याआधीच विचारलं, "सापडलं काय?"

"सापडलं, बाबा."

तेच पान मी त्यांच्या हातावर ठेवलं आणि पायांना हात लावायला वाकलो.  पान शर्टाच्या खिशात ठेवत ते म्हणाले, "उद्या मीबी जीपमंधीच बसतो. पेटी धराले कोणी पायजे ना."