मावशींनी लिहिलेली नावं

मावशी नाव विचारल्याशिवाय कुणाचाही फोटो काढत नसत. नाव, गाव, आणि बाई असेल तर माहेर. समोरचा माणूस केस सारखे करून, श्वास रोखून बसलेला असायचा आणि कॅमेऱ्यामागून मावशींचा आवाज यायचा, "नाव सांग आधी." एकदा नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला आलेला एक जण वैतागला. "पासपोर्ट साइजच्या फोटोला नाव कशाला लागतंय?" म्हणाला. मावशी म्हणाल्या, "सरकारला लागत नसंल. मला लागतंय." त्यानं नाव सांगितलं, मगच त्यांनी बटण दाबलं.

त्यांचा स्टुडिओ उस्मानपुऱ्यात, औषधाच्या दुकानाला लागून होता. वरच्या खोलीत मी सहा वर्षं भाड्यानं राहिले. चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटरचं काम बघते. संध्याकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर सोडायची आणि खोलीत जाण्याआधी मी मावशींकडं जाऊन बसायचे. गल्लीतले सगळे त्यांना मावशीच म्हणत. त्यांचं खरं नाव मला पुढं दवाखान्याच्या कागदावर वाचायला मिळालं.

त्या करमाडकडच्या एका मेंढपाळ घरातल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या. लग्न करून शहरात आल्या तेव्हा नवऱ्याचा स्टुडिओ चांगला चालत होता. पुढं त्याचे हात थरथरायला लागले. मग तो शेजारी उभा राहून "आता" म्हणायचा आणि या बटण दाबायच्या. काही वर्षांनी तो गेला. "आता कधी दाबायचं ते सांगनारं कुनी ऱ्हायलं नव्हतं," त्या म्हणायच्या, "मग मीच ठरवाया लागले." यापलीकडं नवऱ्याबद्दल त्या फारसं बोलत नसत.

आठवडी बाजाराला कॅमेरा आणि एक निळा पडदा घेऊन त्या करमाडला जायच्या. एका भिंतीला पडदा लावायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना थांबवायचं. यातल्या कितीतरी जणींचा एकटीचा असा फोटो कधी निघालेलाच नव्हता. कुणी लाजायची, कुणी म्हणायची, म्हातारीचा फोटो काय काढता. मावशी म्हणायच्या, "तू बस गं. बघनारे बघतील." पुढच्या बाजाराला छापलेला फोटो त्या बाईच्या हातात असायचा.

स्टुडिओत परत आल्यावर सगळे फोटो कॉम्प्युटरमध्ये भरायचे आणि प्रत्येकाखाली एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, मराठीत लिहायचं. स्टुडिओतल्या फोटोंचंही त्या रोज असंच करायच्या. मी मागं उभी राहून वाचायचे. "कौसाबाई, शेंद्र्याची. डावा कान फाटका, त्या बाजूनं घेऊ नये." "रुख्मण. माहेर करमाड. दोन लेकरं गेली, हे तिसरं." एका फोटोखाली नुसतं "हसली" एवढंच होतं, नावाच्या पुढं. अशी अठरा-वीस वर्षांत जमलेली माणसं त्या कॉम्प्युटरमध्ये होती. कुणी येऊन नाव सांगितलं की मावशी ते शोधायच्या आणि फोटो समोर यायचा.

कॉम्प्युटर फार जुना झाला होता. चालू व्हायला चहा उकळण्याइतका वेळ घ्यायचा. फोटो ठेवायचं ते सॉफ्टवेअरही बनवणाऱ्यांनी कधीच बंद केलं होतं. एक दिवस हे बंद पडेल आणि सगळं जाईल, असं मीच त्यांच्या मागं लागले. त्या तयार नव्हत्या. "चालतंय की. कशाला हलवायचं?" मी म्हणाले, "मावशी, मी रोज कारखान्यात हेच काम करते." मग त्यांनी मुलाला फोन लावला. त्यानं पुण्याहून नवा कॉम्प्युटर पाठवला.

एका रविवारी दुपारी मी सगळे फोटो नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेले. शेवटी पडद्यावर काम पूर्ण झाल्याची खूण आली. दहा-बारा फोटो उघडून बघितले, स्वच्छ दिसत होते. मी फक्त फोटो बघितले. खालचं लिहिलेलं बघितलं नाही. जुन्या कॉम्प्युटरनं टेबल अडवलं होतं, म्हणून मी त्याची डिस्क पुसली आणि चार दिवसांनी तो भंगारवाल्याला दिला. मावशींनी मला त्या दिवशी शिरा करून खाऊ घातला.

त्यानंतर दोन आठवड्यांनी करमाडहून एक माणूस आला. त्याची आई वारली होती. तेराव्याला ठेवायला फोटो हवा होता. "बाजारात काढला व्हता तुम्ही. सखुबाई नाव." मावशींनी एका बोटानं नाव लिहिलं. काहीच आलं नाही. पुन्हा लिहिलं. मी तिथंच बसले होते. मी एक फोटो उघडून त्याखाली पाहिलं. रिकामं होतं. दुसरा उघडला, तोही रिकामा. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मावशी एकेक फोटो पुढं सरकवत राहिल्या आणि तासाभरानं सखुबाई सापडल्या. तो माणूस फोटो छातीशी धरून गेला.

मग त्यांनी मला विचारलं, "नावं कुठं गेली गं?"

मी सांगितलं. लिहिलेलं सगळं त्या जुन्या सॉफ्टवेअरनं स्वतःच्या वहीत ठेवलं होतं, फोटोत नाही. फोटो आले, वही तिथंच राहिली, आणि ती मी पुसली. दुसऱ्या दिवशी रजा काढून मी भंगारवाल्याकडं गेले. कॉम्प्युटर सुटा करून पुढं गेला होता. तसाही काही उपयोग नव्हता.

मी परत आले तेव्हा मावशी चहा गाळत होत्या. मी म्हणाले, "माझ्यामुळं झालं." त्या म्हणाल्या, "व्हय, तुझ्यामुळंच झालं." मला चहा दिला. स्वतः स्टूल ओढून कॉम्प्युटरसमोर बसल्या. "मशिनीतनं गेलं. माझ्या डोक्यातनं गेलंय का? बस. पहिला काढ."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तास-दीड तास त्या सांगायच्या आणि मी लिहायचे. या वेळी फोटोतही आणि वेगळ्या फाइलीतही. त्यांना आठवायचं. तोंडापेक्षा नाक, बसण्याची ढब, पदर कसा घेतलाय यावरून त्या नाव सांगायच्या. मला सगळ्या म्हाताऱ्या सारख्याच दिसायच्या. तसं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या बापाला लोक इचारायचे, एवढी मेंढरं, वळखतोस कशी? तो म्हनायचा, रोज बघतोय की." एकदा एका फोटोपाशी त्या फार वेळ अडल्या. शेवटी म्हणाल्या, "हिला मी वळखते. नाव यीना. तसंच लिही." मी तसंच लिहिलं.

त्यांनी मला कधी रागावून बोलून दाखवलं नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं का, ते मला आजही सांगता येत नाही.

दीड वर्षं हे चाललं. निम्म्याहून जास्त काम झालं होतं. मग त्यांना काविळीचं निमित्त झालं आणि आतलं दुखणं निघालं. मुलगा पुण्याहून आला. दवाखान्यात मी कामावरून सुटल्यावर लॅपटॉप घेऊन जायचे. नर्स ओरडायची. मावशी उशीला टेकून बसायच्या, आवाज अगदी खाली गेलेला. एका संध्याकाळी तीन फोटो झाले. चौथा उघडला, तर त्यांनी हातानं नको म्हटलं. "ऱ्हाऊ दे आता. तू जेवलीस का?" मी हो म्हणाले. जेवले नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यात असताना मुलाचा फोन आला. मी हातातलं काम संपवलं, मग उठले. साहेबांना सांगताना माझा आवाज नेहमीसारखाच होता.

स्मशानात, नंतर घरी, मला रडू आलं नाही. आई फोनवर म्हणाली, रडून घे एकदा. मी बरं म्हणाले. स्टुडिओच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. मुलानं सगळे फोटो मला दिले. "तुम्हीच बघा यांचं काय ते," एवढंच म्हणाला.

आता मी बाजाराच्या दिवशी रजा टाकून करमाडला जाते. पारावर लॅपटॉप उघडून बसते. बायका गोळा होतात, ओळखतात, भांडतात, कोण गेली, कोण लेकाकडं गेली ते सांगतात. मी लिहून घेते. मावशींचा विषय निघतो तेव्हा काही जणी डोळे पुसतात. मी थांबते आणि त्यांचं झालं की पुढचा फोटो उघडते.

परवा हिरव्या लुगड्यातली एक बाई कितीतरी वेळ एका फोटोकडं बघत होती. कोण ते तिला सांगता येईना. शेजारची हसून म्हणाली, "अगं, तूच हाईस ती." ती आणखी पुढं वाकली. पडद्यावरच्या गालाला तिनं बोट लावलं.

"लई बारीक व्हते की मी," ती म्हणाली.

मी तिला नाव विचारलं.