पाटलांची तिसरी बायको

मी आता म्हातारी झाले, पण तेल्हाऱ्याकडच्या आमच्या गावातली ती गोष्ट आठवली की अजून अंगाचा तिळपापड होतो.

आम्ही माळी. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ लागते, ती आई करायची. रुई कोणी मुद्दाम लावत नाही. नदीच्या रेताड काठावर ती आपली आपणच येते आणि भर उन्हाळ्यात, बाकी सगळं करपलेलं असताना, जांभळट फुलांनी भरून जाते. मग साता समुद्रापलीकडे कुठंशी लढाई लागली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. पाटलांना तर वेडच लागलं. त्यांनी तो काठसुद्धा खणून कपाशी पेरली. अहो, रेतीत कधी कपाशी होते? वीतभर वाढली आणि वाळली. रुई मात्र गेली ती गेलीच. आमच्या परसातलं एक झुडूप तेवढं उरलं.

पाटलांची पहिली बायको आधीच गेली होती; त्या हिवाळ्यात दुसरीही बाळंतपणात वारली. कापसाच्या गाड्या एक दिवस थांबल्या नाहीत. महिन्याभरात नवी मुलगी ठरली. तिसरी बायको जगत नाही म्हणतात, म्हणून आधी रुईशी लग्न लावायचं आणि मग ती तोडायची. मेली ती रुई, आणि मुलगी ठरते चौथी. गावभर शोधून रुई सापडेना, तेव्हा पाटील आमच्या दारी आले. ज्यानं सगळ्या उपटल्या, त्याला आता एक हवी होती!

आई नको म्हणाली. पण पाटलापुढं माळणीचं काय चालणार? भटजींनी फुललेल्या रुईला हळद लावली, लुगडं गुंडाळलं, मंगळसूत्र बांधलं. फेरे झाले आणि गड्यानं कुऱ्हाड घातली. लुगडं नि मंगळसूत्र तेवढं आठवणीनं परत नेलं.

पावसाळ्यात बुंध्याला धुमारे फुटले. पाटलांच्या कानावर गेलं आणि दुसऱ्याच दिवशी गडी पहार घेऊन हजर.

"मालकानं मुळासकट काढाले सांगतलं. हे जित्ती रायली त नव्या बाईच्या जिवाले धोका हाय."

आई धुमाऱ्यांवर ओणवी झाली. "पयले मले खोद!"

तेवढ्यात ती नवी बाईच तिथं आली. वयानं तेव्हाच्या माझ्याएवढीच, बारा-तेरा वर्षांची, डोक्यावरचा पदर सावरत. तिला पाहून आई बाजूला सरकली. पोरीच्या जिवाचा प्रश्न, तिथं झुडपासाठी कसं भांडणार?

पोरीनं वाकून धुमाऱ्यांना हात लावला. मग गड्याला म्हणाली, "जाय तू. राहू दे तिले. त्यायच्या हातून एक तरी वाचू दे."